बारावीच्या वर्षी किती परीक्षा द्यायच्या? खेड्यातल्या पोरापोरींसाठी वेळापत्रक

२०२३ साली माझी बारावी झाली. चारही विषय घेतले होते, म्हणजे गणितही आणि जीवशास्त्रही. जानेवारीत जेईई (एनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थांची परीक्षा), मग प्रॅक्टिकल, मग बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई, ७ मे रोजी नीट (डॉक्टरकीची), त्याच आठवड्यात राज्याच्या सीईटीचा पीसीएम गट (भौतिक, रसायन, गणित) आणि पुढच्या आठवड्यात पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र). शेवटच्या पेपरला जाताना दारव्ह्याच्या स्टँडवर माझ्या मायनं विचारलं, "समद्याच परीक्षा तुनंच द्याच्या हायेत का वं पोरी?" मला उत्तर सुचलं नाही. कारण खरं उत्तर असं होतं की क्लासमधले सगळे फॉर्म भरत होते म्हणून मीही भरले.

दोन वर्षांनी धाकट्या भावाची बारावी आली. त्यानं बोर्ड धरून तीनच परीक्षा दिल्या आणि माझ्यापेक्षा बऱ्या दिल्या. तो माझ्याहून हुशार आहे असं काही नाही (हे तो वाचणार आहे, वाचू दे). आम्ही फक्त त्याचं वर्ष आधी कागदावर मांडलं होतं. ते कसं मांडलं तेच इथं लिहिते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी कापूस, सोयाबीन आणि थोडी तूर. ज्यांचं घर असंच आहे त्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

१. मुख्य परीक्षा एकच ठरवा

अकरावीच्या दिवाळीपर्यंत हे ठरलं पाहिजे. कुठल्या परीक्षेनं कुठं जाता येतं ते आधी पाहा, परीक्षेचं नाव किती मोठं आहे ते नंतर.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवी या सगळ्यांसाठी नीट. महाराष्ट्रातली अभियांत्रिकी, बी.फार्म. आणि बी.एस्सी. कृषी यांच्यासाठी एमएचटी-सीईटी. म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जायचं असेल तर सीईटी पुरते, नीटच्या मागं धावायचं कारण नाही. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा ट्रिपल आयटी हवं असेल तर जेईई मेन. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी, पाच वर्षांच्या लॉची वेगळी, आता बीबीए-बीसीएचीही वेगळी. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठात पदवी करायची तर सीयूईटी.

मुख्य परीक्षा एक, जोडीला एक. तिसरी घ्यायचीच असेल तर तिचा अभ्यास पहिल्या दोनांच्या पोटात बसणारा हवा. भावाची मुख्य सीईटी पीसीएम, जोडीला जेईई मेन. दोन्हीकडे भौतिक, रसायन, गणित हेच विषय, त्यामुळं वेगळं असं फार पडलं नाही. माझं उलटं झालं. नीटसाठी जीवशास्त्राच्या ओळीन् ओळी पाठ करायच्या आणि जेईईसाठी गणिताला रोज तीन तास द्यायचे, या ओढाताणीत दोन्ही अर्धवट राहिलं.

"चारही विषय असू दे, दोन्ही दारं उघडी राहतील," असं घरचे आणि सर दोघंही म्हणतात. दारं उघडी राहतात हे खरं, पण दोन्ही दारांतून एकदम शिरता येत नाही. चार विषय घ्यायचे तर घ्या, पण बारावी सुरू होताना त्यातला एक फक्त बोर्डापुरता ठेवायचा, हे तेव्हाच ठरवा.

२. कागदपत्रं अकरावीतच सुरू करा

ही पायरी वेळापत्रकात का, असं वाटेल. मी सगळ्यात जास्त मार यातच खाल्ला, म्हणून.

आम्ही ओबीसीत. माझा जात वैधतेचा अर्ज बारावीच्या एप्रिलमध्ये गेला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेनं आणि बाबांच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं निघालं, त्रुटी लागली, पुन्हा शपथपत्र, पुन्हा चकरा. वैधता हातात आली सप्टेंबरमध्ये, तोवर मला खुल्या जागेवर प्रवेश घ्यावा लागला होता. भावाचा अर्ज आम्ही अकरावीच्या ऑगस्टमध्येच दिला. त्यालाही त्रुटी लागली, पण तेव्हा हातात पूर्ण वर्ष होतं.

जातीचा जुना पुरावा किती जुना लागतो ते घरच्यांना सांगून ठेवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत जात लिहिलेली असते. नक्कल एका दिवसात मिळत नाही, पीक हातात यायच्या हंगामात तर नाहीच, कारण बाबांना वेळ नसतो. उन्हाळ्याच्या सुटीत हे काम उरका. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी तपासणी समिती वेगळी असते, जिल्ह्याच्या समितीकडे फाइल नेऊन परत येऊ नका.

फाइलमध्ये हे ठेवा:

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, त्याला चालू मोबाईल नंबर जोडलेला
- जातीचा दाखला आणि वैधता, किंवा वैधतेच्या अर्जाची पावती
- नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), आर्थिक दुर्बल घटकात बसत असाल तर त्याचं प्रमाणपत्र
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
- पासपोर्ट फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, आठ-दहा प्रती. सहीचा आणि फोटोचा स्कॅन मोबाईलमध्ये

नॉन-क्रिमीलेयर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. २०२५-२६ ला प्रवेश घेणाऱ्याला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं लागलं. म्हणून बारावीची परीक्षा संपली, एप्रिल उजाडला की सेतूत जाऊन पहिलं काम हे. जूनमध्ये तिथली रांग बघवत नाही.

आणखी एक खड्डा. जेईई आणि नीटच्या फॉर्मात केंद्राचा प्रवर्ग भरायचा असतो, राज्याचा नाही. राज्याच्या भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो. एसईबीसी (मराठा समाजासाठीचा) हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे, केंद्रात तो चालत नाही.

मुलींनी उत्पन्नाच्या दाखल्याकडं दुर्लक्ष करू नये. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला हवा.

३. शेताचं आणि परीक्षेचं कॅलेंडर एकाच भिंतीवर

बाजारात मिळणारी वेळापत्रकं शहरातल्या मुलांची असतात. त्यात दसऱ्याला सोयाबीन काढायचं नसतं, दिवाळीनंतर कापूस वेचायचा नसतो, जागलीला जायचं नसतं आणि रात्री बाराला ओलिताची लाईन येत नसते.

आम्ही काय केलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं परीक्षा आणि फॉर्मच्या तारखा लिहिल्या, निळ्यानं शेताची कामं. मग बाबांना घेऊन बसलो. कोणते दिवस भावाला शेतात यावंच लागेल आणि कोणते दिवस मजूर लावून भागेल हे जूनमध्येच ठरलं. सोयाबीनचे आठ दिवस त्यानं दिले. डिसेंबरपासून वेचणीला तो गेला नाही. ऐनवेळी हे बोलणं निघालं असतं तर घरात भांडण झालं असतं, आमच्याकडं माझ्या वेळी झालं होतं.

वर्ष साधारण असं दिसतं. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून खात्रीची म्हणून २०२५ ची सांगते:

जून ते सप्टेंबर: अभ्यासाचा खरा काळ. बारावीचा निम्मा अभ्यासक्रम इथं संपवा. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात, तेव्हा अकरावीच्या वह्या रद्दीत देऊ नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: सोयाबीन, दिवाळी आणि जेईईच्या पहिल्या सत्राचा फॉर्म. २८ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर २०२४ ही मुदत होती, म्हणजे दिवाळीच्या सुटीत सगळे गावी आणि फॉर्म तालुक्याला.

डिसेंबर अखेर-जानेवारी: सीईटीचा फॉर्म, जेईईचं पहिलं सत्र (२२ ते ३० जानेवारी) आणि त्यातच २४ जानेवारीपासून बोर्डाची प्रॅक्टिकल.

फेब्रुवारी-मार्च: ११ फेब्रुवारीपासून बोर्ड. सगळ्यात वाईट सापळा याच काळातला आहे. नीटचा फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च आणि जेईईच्या दुसऱ्या सत्राचा फॉर्मही फेब्रुवारीतच. बोर्डाच्या पेपरांच्या नादात दोन्ही राहून जातात. घरातल्या एका माणसाला, दादाला, ताईला, काकाला, फक्त या दोन तारखा सांभाळायचं काम द्या.

एप्रिल: २ ते ९ जेईईचं दुसरं सत्र. ९ लाच सीईटीचा पीसीबी गट सुरू झाला, १९ पासून पीसीएम.

मे: ४ तारखेला नीट.

२०२६ पासून सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी गटांना एप्रिल आणि मे अशा दोन संधी केल्या आहेत. यामुळं दडपण कमी होतं, पण दुसरी संधी आहे म्हणून पहिली हलक्यात घेऊ नका. मेच्या उन्हात पुन्हा तोच प्रवास, तीच तयारी.

जानेवारीची जेईई द्यायची का? मुख्य परीक्षा जेईई असेल तर दोन्ही सत्रं द्या, दोनांतला चांगला स्कोअर धरतात. मुख्य सीईटी असेल तर माझ्या मते जानेवारी सोडा. प्रॅक्टिकलची जर्नल अर्धी लिहिलेली असते, बोर्ड तोंडावर असतं आणि निकाल कमी आला की पोर खचतं. भावानं फक्त एप्रिलचं सत्र दिलं. सीईटीच्या दहा-बारा दिवस आधी खऱ्या सेंटरवर, खऱ्या कॉम्प्युटरवर बसायचा सराव झाला, तेवढ्यासाठीच त्याला ते मोलाचं वाटलं.

४. फॉर्म स्वतःच्या नंबरवर भरा

फॉर्म भरायला आपण नेट कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात जातो. गर्दीच्या दिवसांत तिथला मुलगा घाईनं स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो. पुढं हॉलतिकीट काढायला ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो लग्नाला परगावी गेलेला असतो. माझ्या मैत्रिणीचं असं झालं. तेव्हा ईमेल आधी स्वतःचा उघडा, बाबांचा किंवा स्वतःचा कायम चालू राहणारा नंबर द्या, आणि अर्ज क्रमांक व पासवर्ड एका वहीत लिहा. वहीच, मोबाईल नव्हे. मोबाईल पाण्याच्या टाकीत पडतात.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच लिहा. आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. आधारमधलं स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकली असेल तर अकरावीतच दुरुस्त करून घ्या. नीटला वयाची अटही आहे: परीक्षेच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत. शाळेत लवकर घातलेल्या मुलांनी हे बघावं.

भाषेचा रकाना विचार करून भरा. नीट आणि जेईई मेनला मराठी प्रश्नपत्रिका घेता येते, सीईटीत भौतिक-रसायन-जीवशास्त्र मराठीत मिळतं, गणित मात्र इंग्रजीतच. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना मराठीचा मोह होतो. पण अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर पेपरही इंग्रजीतूनच द्या. 'संवेग' म्हणजे मोमेंटम हे परीक्षेत आठवत बसायला वेळ नसतो.

फीचा हिशोबही आधी करा. २०२५ ला नीटची फी खुल्या प्रवर्गाला १७००, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकाला १६०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १००० रुपये होती. तीन-चार फॉर्म, वर सेवा केंद्राचे पैसे आणि प्रवास. माझ्या वेळी नुसत्या फॉर्मांत जेवढे गेले, तेवढ्यात भावाचा सीईटीचा प्रश्नसंच, फॉर्म आणि बसभाडं सगळं निघालं.

५. सराव कसा वाटायचा

तिन्ही परीक्षांची खोड वेगळी आहे आणि एकीची सवय दुसरीत नडते.

सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईई आणि नीटला बरोबरचे ४ आणि चुकीचा १ वजा. मी नीटच्या पाठोपाठ सीईटीला बसले आणि नीटच्या सवयीनं अकरा प्रश्न सोडून आले. फुकटचे.

सीईटी पीसीएम २०० गुणांची. त्यात गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे १०० गुण एकट्या गणिताचे. भौतिक आणि रसायनचे ५०-५०. पहिले ९० मिनिटं भौतिक-रसायन, नंतरची ९० गणित. गणिताला घाबरून रसायनच पाठ करत बसणारी मुलं इथं मागं पडतात. पीसीबीत जीवशास्त्राचे १०० प्रश्न. नीटमध्ये २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण.

पुस्तकंही वेगळी. सीईटीला बालभारतीची राज्य मंडळाची पुस्तकं, नीट-जेईईला एनसीईआरटी. आपल्या बोर्डाचं पुस्तक पक्कं झालं तर बोर्ड आणि सीईटी दोन्ही निघतात, खेड्यातल्या मुलाला सीईटी मुख्य ठेवा असं मी म्हणते ते म्हणूनच.

पूर्ण तीन तासांचा सराव पेपर डिसेंबरपर्यंत महिन्यातून दोन, त्याहून जास्त नाही. बोर्ड संपल्यावर आठवड्याला तीन. पेपर सोडवायला जितका वेळ लागला तितकाच तपासायला द्या. पेपरांचा ढीग करून टक्के मोजत बसण्यात मी एप्रिल घालवला.

घरी कॉम्प्युटर नसेल तर माउसवर हात बसवणं हे स्वतंत्र काम समजा. मोबाईलवर बोटानं पर्याय निवडणं वेगळं आणि माउसनं स्क्रीन खाली-वर करणं वेगळं. मार्चअखेर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ई-सेवा केंद्रात तासाचे पैसे देऊन चार-पाच पेपर तरी सोडवा. दुपारी जा, तेव्हा तिथं गर्दी नसते.

ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी दहावीनंतर लगेच नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो. बारावीत जाऊन चौकशी केली तर उशीर झालेला असतो.

६. सेंटर, बस आणि ऊन

फॉर्मात शहर निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, सकाळची पहिली बस किती वाजता पोचते ते बघा. सकाळची शिफ्ट लागली तर खेड्यातून त्या दिवशी निघून वेळेत पोचणं बहुतेकांना जमत नाही. आदल्या दिवशी जाऊन मावशीकडं, आत्याकडं, ओळखीच्या मुलाच्या खोलीवर राहायची सोय आठवडाभर आधी करून ठेवा. संध्याकाळी सेंटर डोळ्यानं पाहून या. एकाच नावाच्या संस्थेच्या शहरात दोन इमारती असतात आणि ऑटोवाला नेहमी दुसरीकडं नेतो.

नीटचा पेपर दुपारी २ ते ५, पण गेट १:३० ला बंद होतं. विदर्भात मेमधली ती वेळ म्हणजे ४३-४४ अंश. रिकाम्या पोटी जाऊ नका, घरून कांदा-भाकर खाऊन, ताक पिऊन निघा. अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट किंवा कुर्ता, पायात चप्पल, अंगावर धातूचं काही नाही. मुलींनी कानातलं-नाकातलं घरीच काढून ठेवावं, गेटवर चमकी निघत नाही आणि रडू येतं.

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. सख्ख्या चुलत भावाचं लग्न असलं तरी पेपरच्या आधीचे तीन दिवस मांडवात जाऊ नका. नाराजी होते, आम्ही सहन केली.

७. पेपर झाल्यावर

सगळे पेपर संपले की दोन दिवस झोपा. मग सरकारी प्रवेश फेरीची नोंदणी कधी सुरू होते ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर बघत राहा. सीईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं समजून आमच्या गावातला एक मुलगा जुलैभर शेतात राबत होता, फेरीचा फॉर्म भरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

बोर्डाचे गुणही सोडू नका. अभियांत्रिकीला तिन्ही विषयांत मिळून ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० लागतात. एनआयटीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. सीईटीत ९० पर्सेंटाइल आणि बारावीत रसायनात नापास, अशी मुलं मी पाहिली आहेत. जून-जुलैतली पुरवणी परीक्षा असते, पण तिचा निकाल येईपर्यंत पहिल्या फेऱ्या निघून जातात.

आमच्या भिंतीवर ते कॅलेंडर अजून आहे. आता चुलत बहीण अकरावीत गेली आहे, तिनं मागच्या आठवड्यात येऊन त्याचा फोटो काढून नेला आणि कोतवाल बुकाची नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते ते विचारलं.